मारोतरावांच्या हाताची आणेवारी

आमचे शेजारी मारोतराव जमादार बारा महिने उजवा हात टॉवेलात गुंडाळून ठेवत. टॉवेल तपकिरी, फौजेतला. वैशाखात नांदेडची फरशी पायाला चटके देते, माणसं सदरे काढून गोदावरीत डुंबत बसतात, तेव्हाही मारोतरावांचा हात आपला टॉवेलात. रस्त्यात भेटले की आधी मागे वळून बघत, मग डावा हात छातीला लावत आणि हळूच विचारत, "मुन्शीजी, आज दवाखान्यात माझं नाव निघालं होतं का?"

मी सरकारी दवाखान्यात अहलकार होतो, म्हणजे कारकून. "नाही हो," मी म्हणे.

"निघालं न्हाई?" ते डोळे बारीक करत. "दोन महिने झाले, एकदा बी न्हाई? ह्यात पेच हाय."

नाव निघालं असतं तरी पेच होताच.

ते दिवसही तसलेच होते. निजामाचं राज्य आता फार दिवसांचं नाही हे सगळ्यांना कळत होतं, पण मोठ्याने म्हणायची कुणाची छाती नव्हती. पारावर दोघे बोलत उभे राहिले की तिसरा चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्ताने जवळ थांबे. सगळं गावच एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होतं. पण गावाचा संशय राजकारणाचा होता, मारोतरावांचा घरगुती होता. तो सकाळी त्यांच्याबरोबर उठे आणि त्यांच्याबरोबरच जेवायला बसे.

गल्ली त्यांना जमादार म्हणे. पलटणीत ते होते लान्सनाईक. गल्लीने प्रेमाने बढती दिली तर त्यांना घाम फुटला. "जमादार कोण म्हणलं? कागदावर लान्सनाईक हाय. उद्या कोणी लिहून धाडलं की मारोती खोटा हुद्दा लावून फिरून राहिला, मग?" लोक बरं म्हणत, आणि पुन्हा जमादारच म्हणत.

पंगतीला ते कधी बसले नाहीत. डाव्या हाताने जेवावं तर लोक नावं ठेवणार, आणि उजवा बाहेर काढायचा नाही. म्हणून आमंत्रण आलं की त्यांचा उपास असे. सोमवार, मंगळवार, शनिवार, काहीही. गल्लीतल्या बायकांना आधी वाटलं, फार भाविक माणूस आहे. मग एका लग्नात माझ्या बायकोने, काशीने, विचारलं, "आज बुधवार, आज कुणाचा उपास?" मारोतरावांनी हातावरचा टॉवेल घट्ट केला. "बुधवारचाच," म्हणाले आणि निघून गेले.

हात लढाईत गेला होता. म्हणजे उजव्या हाताची मधली तीन बोटं. अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक. मोठ्या लढाईत त्यांची पलटण समुद्रापार गेली होती. बोटं कशी गेली हे मात्र त्यांनी कधी कुणाला एकसारखं सांगितलं नाही. न्हाव्याला सांगितलं गोळा फुटला. किराणावाल्याला सांगितलं साप चावला, डॉक्टरने कापली. मला काहीच सांगितलं नाही, कारण मी सरकारी माणूस. पण त्यांचा कागद माझ्याच टेबलावरून जात असल्यामुळे मला ठाऊक होतं. सामान उतरवताना लॉरीची फळी हातावर पडली होती.

तर त्या कागदाविषयी. शेतातल्या पिकाची जशी आणेवारी काढतात, इतके आणे पीक आलं, इतके बुडालं, तशी आमच्या दवाखान्यात लढाईवरून आलेल्या शिपायांची आणेवारी होई. सोळा आणे म्हणजे सगळा हात. मग एक बोट गेलेल्याचा हात इतके आणे निकामी, अंगठा गेलेल्याचा इतके. मारोतरावांचा उजवा हात आठ आणे निकामी ठरला होता आणि त्यावर त्यांचा फौजेचा वजिफा, म्हणजे पेन्शन, अवलंबून होता. वर्षातून एकदा डॉक्टरसाहेबांपुढे हात दाखवायचा. गेलेली बोटं गेलेलीच आहेत ना, हे सरकार दरसाल बघून घेई. हे आठवलं की मला वाटतं, संशय एकट्या मारोतरावांनाच होता असं नाही.

त्यांचं सगळं वागणं त्या मुआयन्याभोवती, म्हणजे तपासणीभोवती, फिरे. ते मूळचे उमरीकडचे. तिकडचाच दुसरा एक शिपाई, त्याचे आणे एका वर्षी एकदम कमी झाले होते. का, तर म्हणे दोन बोटं नसताना शिंदीच्या झाडावर चढताना त्याला कुणीतरी पाहिलं आणि सरकारात कळवलं. ही बातमी ऐकल्या दिवसापासून मारोतरावांनी हात टॉवेलात घातला. हात कामाचा आहे असं दिसलं की आणे गेले, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते जिनिंगवर दिवसा चौकीदारी करत, तर तिथलं कुलूपही डाव्या हाताने उघडत. पोस्टमन आला की सही येत असूनही डावा अंगठा उठवत. विहिरीवर दोर ओढायला शेजाऱ्याची वाट बघत तासभर उभे राहत.

नियम खरा काय आहे, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? तो ज्या पुस्तकात होता ते डॉक्टरसाहेबांच्या कपाटात कुलपात असे. मी फक्त रजिस्टर लिही.

मारोतराव विधुर होते. घरात ते आणि त्यांची सात वर्षांची मुलगी सोजर. बापासारखीच तरतरीत डोळ्यांची, पण बापासारखी बुजरी नव्हे. एक दिवस ती शाळेला निघाली असताना काशीने मला ओट्यावर बोलावलं. "त्या पोरीच्या वेण्या बघितल्या?"

मी बघितल्या. दोन वेण्या, मधला भांग सुतासारखा सरळ, पेड सगळे सारखे, टोकाला लाल फितीचं फूल.

"माझ्याने अशी वेणी होत नाही," काशी म्हणाली. "घरात बाई नाही. बापाचा हात तसा. मग घालतं कोण?"

गल्लीने या प्रश्नाचं उत्तर आपल्या परीने काढलं होतंच. जमादाराने कुणीतरी ठेवली आहे, पहाटे येते, वेण्या घालते आणि जाते. दोघी-तिघींनी पाळत ठेवली. कुणी दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून तर खात्री आणखी वाढली. दिसलं इतकंच की रोज सकाळी जमादाराच्या घराची दारं-खिडक्या पाव घटका बंद होतात.

उत्तर मला भिंतीने सांगितलं. आमची दोघांची भिंत एकच होती. संक्रांतीच्या सुमाराला शिरूर अनंतपाळहून त्यांच्या सासूबाई आल्या. लातूर रोडला बसून, परळीला नि परभणीला गाडी बदलत, गाठोडं डोक्यावर घेऊन. बाई ठणठणीत, आवाज खणखणीत. सोजर जन्मली शिरूरला, आई तापाने गेल्यावर वाढली आजीकडेच. मारोतराव लढाईवरून आले आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन नांदेडला आले, हे सासूबाईंना मुळीच पसंत नव्हतं.

"पोर माझ्यासंगं धाडा," त्या म्हणत होत्या. "सरकारनंच लिहून दिलंय म्हणं, हात आठ आणे निकामी हाय. आठ आण्याचा बाप पोरगी कशी सांभाळल?"

"कोण म्हणलं निकामी?" मारोतरावांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "मामी, माझा हात सोळा आणे हाय! भाकरी मी थापतो, धुणं मी धुतो. तिची येणी बी मीच घालतो. इचारा तिला!"

मी भिंतीला कान लावून बसलो होतो. काशीने माझ्याकडे पाहिलं, मी काशीकडे. म्हणजे सरकारपुढे हात निकामी आणि सासूपुढे हात सोळा आणे! मला खरं सांगायचं तर राग आला. दोन वर्षं मी या माणसाला विहिरीवर दोर ओढून देत होतो.

त्या वेळी सासूबाई रिकाम्या हाताने परत गेल्या. "पुन्हा येईन," असं मात्र दारातून सांगून गेल्या.

आणि मग माझ्या हातून ते झालं. मुआयन्याची यादी तयार करत होतो. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, पान खात शांतपणे सह्या करत होते. मारोतरावांचं नाव आलं आणि मी, उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "साहेब, हा माणूस मुलीची वेणी मात्र फार सुंदर घालतो म्हणे."

साहेबांची लेखणी थांबली. "चोटी? इस हाथ से?"

"ऐकीव आहे," मी म्हणालो.

"अच्छा," साहेब म्हणाले आणि नावापुढे शाईची एक बारीक खूण केली. "देखेंगे."

ती खूण मला पुढचे तीन दिवस जेवताना ताटात दिसे. आणे कमी झाले तर? वजिफा घटला तर सासूबाईंना आयतं कारण मिळणार आणि पोर जाणार. मारोतरावांना सावध करावं तर माझी चुगली उघडी पडते. मी काहीच केलं नाही. रस्त्यात ते दिसले की पलीकडच्या बाजूने जाऊ लागलो.

मुआयन्याच्या दिवशी सकाळीच सासूबाई परत आल्या. मारोतरावांची पंचाईत झाली. सोजरला घरी सासूजवळ ठेवावं तर ती पोरीला घेऊन स्टेशन गाठील, ही धास्ती. म्हणून त्यांनी सोजरला बरोबर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "मी बी येते. सरकार काय म्हणतंय ते माझ्या कानानं ऐकते." आणि सकाळी-सकाळी नातीला पुढ्यात ओढून, चप्प तेल घालून, एकच वेणी त्यांनी आपल्या हाताने करकचून घातली.

डॉक्टरसाहेबांच्या खोलीत मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसलो होतो. मारोतराव आत आले, सोजर त्यांच्या मागे, आणि दाराच्या चौकटीला टेकून सासूबाई. साहेबांनी टॉवेलाकडे पाहिलं.

"हाथ कैसा है? क्या-क्या काम होता है इससे?"

मारोतरावांनी दाराकडे पाहिलं. तिथे सासूबाई. समोर पाहिलं. तिथे सरकार.

"होतं साहेब," ते म्हणाले. साहेबांची भुवई वर गेली. "म्हंजे होत न्हाई."

"न्हाई होत?" दारातून आवाज आला.

"होतं, मामी! थोडं होतं." पुन्हा साहेबांकडे वळून, "थोडं न्हाई होत."

"क्या होता है, क्या नहीं होता?"

"जे लागतं ते होतं साहेब. बाकी न्हाई होत." मारोतरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांच्याकडे एकच मोकळा हात होता.

ह्या सगळ्याचा सोजरला कंटाळा आला होता. आजीने घातलेली वेणी तिला टोचत होती. खोलीत आल्यापासून ती मागे हात नेऊन फीत ओढत होती. फीत सुटली, पाठोपाठ वेणी सुटली. रोजच्या सवयीने ती बापापुढे आली, पाठ करून उभी राहिली आणि खांद्यावरून फीत वर धरली.

"बा, घाल की."

माझे कान तापले. मी रजिस्टरात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं, कारण बघितल्याशिवाय राहवेना.

मारोतराव तसेच उभे होते. ते नाही म्हणू शकले असते. पोरीला दटावून बाजूला करू शकले असते, किंवा आजीकडे पाठवू शकले असते. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा दाराकडे. मग टॉवेल सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. फीत दातांत धरली. दोन हातांनी तिचे केस मागे घेतले, डाव्या हाताच्या नखाने भांग पाडला. अंगठा आणि करंगळी यांच्या चिमट्यात एक पेड, तळव्याच्या खोबणीत दुसरा, तिसरा डाव्या हातात. चिमटा उघडायचा, मिटायचा, पेड खालून वर यायचा. घाई नाही, अडखळणं नाही. एक वेणी झाली, मग दुसरी. दातांतली फीत घेतली, मधोमध फाडली, दोन फुलं बांधली.

"झालं," ते सोजरला म्हणाले. मग साहेबांपुढे हात धरला. "लिवा साहेब, काय लिवायचं ते."

साहेबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ये कहाँ सीखा?"

"फौजेच्या दवाखान्यात. बोटाला कसरत पाहिजे म्हणून नर्सबाई खाटंला तीन दोऱ्या बांधून देई. रोज गुंफायच्या, रोज सोडायच्या."

साहेब उठले. कपाटाचं कुलूप काढलं, ते जाड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि एका पानावर बोट ठेवलं. "मारोती, इसमें उंगलियाँ गिनते हैं. काम नहीं गिनते. तीन गई थीं. चोटी डालने से वापस आई क्या?"

"न्हाई साहेब."

"तो फिर आठ आने. पहले भी आठ, अब भी आठ. मुन्शी, लिखो."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशी फार वाईट आलं.

मारोतराव हलले नाहीत. "मग त्यो उमरीवाला?"

"कौन? वो?" साहेब हसले. "उसके आने उंगलियों पे नहीं कटे. वो बहरा बनके आया था. मैंने पीठ फिराके आहिस्ता पूछा, चाय पिओगे? बोला, शक्कर जादा."

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस उन्हाळ्यात टॉवेल बांधून फिरला, पंगतीला मुकला, विहिरीवर ताटकळला. त्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी ते पुस्तकावर वाकले आणि म्हणाले, "पुढच्या साली किताब बदलणार तर न्हाई ना, साहेब?"

सासूबाई दारातून पुढे आल्या. सोजरची वेणी त्यांनी हातात घेतली आणि बाजारात दोर पारखावा तशी वरपासून खालपर्यंत चाचपली. "खाली जरा सैल हाय," म्हणाल्या. मग बराच वेळ ती हातातच धरून उभ्या राहिल्या. "दुपारची गाडी हाय माझी. एकलीच जाते मी."

आता सासू आपण होऊन एकटी जाते म्हणाली, यावर मारोतरावांनी विश्वास कसा ठेवावा? त्यांनी मला बाजूला घेतलं. "मुन्शीजी, तुम्ही टेसनावर चला. साक्षीला माणूस पाहिजे. गाडी हालली की पोरीला आत ओढली तर?"

जाताना मी सांगून टाकलं. "मारोतराव, साहेबांजवळ वेणीचं मीच बोललो होतो."

"ठाव हाय," ते म्हणाले. "तीन दिस तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हाई. तवाच वळखलं." पुढे काही म्हणाले नाहीत. मला ते चार शिव्या देते तर बरं झालं असतं.

गाडी लागली. सासूबाई खिडकीशी बसल्या. सोजरला त्यांनी गाठोड्यातून तिळाच्या दोन वड्या दिल्या, गालावरून हात फिरवला. आत ओढली नाही. मारोतराव खिडकीचे गज धरून उभे होते. उजव्या हाताने. काहीतरी विचारायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं.

"मामी," शेवटी म्हणाले, "एक इचारू? मी शिरूरहून पलटणीत जायला निघालो त्या सकाळी तुमची पारू पाठ करून बसली होती. केस सोडून. मी येतो म्हणलं, दोनदा म्हणलं. वळली न्हाई ती. कशाचा राग होता तिला माझा?"

सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "राग?"

"चारच महिने नांदली. मला वाटलं, मी मनात भरलो न्हाई तिच्या. लढाईत बी त्येच डोक्यात. आल्यावर इचारीन म्हणलं, तर..."

"येडा का काय तुम्ही!" सासूबाईंचा आवाज सगळ्या फलाटावर गेला आणि मग एकदम खाली आला. "दाढ ठणकत होती तिची. गाल ह्यो एवढा सुजलेला, मीच लेप थापला होता. म्हणली, आई, असल्या तोंडानं कशी बघू त्यांच्याकडं? आता किती दिसांनी येतील, ह्येच ध्यान डोळ्यापुढं ऱ्हाईल त्यांच्या. तुम्ही वेशीच्या बाहेर जाईस्तवर भिंतीच्या भोकातून बघत होती."

गाडीने शिट्टी दिली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. गाडी हलली, डबे पुढे सरकले, आणि मारोतराव आपले जिथे होते तिथेच.

परत येताना सोजर पुढे वडी खात चालली होती. पूल ओलांडल्यावर मारोतराव म्हणाले, "मला तिचं तोंडच आठवत न्हाई, मुन्शीजी. लई खटपट करतो. पाठ तेवढी आठवती."

थोडं चालल्यावर ते थांबले. त्यांचे दात पांढरे, भक्कम होते. चणे फोडून खायचे.

"माझी कधी दुखली न्हाई," ते म्हणाले. "दाढ लई दुखती का हो?"

"फार दुखते," मी म्हणालो. "काही सुचू देत नाही."

त्यांनी मान हलवली, आणि पुढे गेलेल्या सोजरला गाठायला पाऊल उचललं.